मेडिकलच्या काउंटरवरची खाजेची ट्यूब : औषधविक्रेत्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व किरकोळ औषधविक्रेते आणि काउंटरवर उभे राहणारे फार्मासिस्ट

सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की तुमच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "दादा, ती खाजेची ट्यूब द्या ना, मागच्या वेळी दिली होती ती." ट्यूबचं नाव आठवत नाही, खोक्याचा रंग मात्र पक्का लक्षात असतो. तुम्ही खण ओढता, ट्यूब काउंटरवर येते, पैसे दिले-घेतले जातात आणि पुढचं गिऱ्हाईक बोलायला लागतं. त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि अनेकदा सोबत बुरशीवरचं औषध असं एकत्र असतं. आम्ही त्वचारोग आणि औषधशास्त्र या विषयांत काम करणारी मंडळी हे पत्र त्या ट्यूबबद्दल लिहितो आहोत. डॉक्टरांना न लिहिता तुम्हाला लिहिण्याचं कारण सरळ आहे. चिठ्ठीशिवाय ट्यूब मागणारा माणूस डॉक्टरांकडे गेलेलाच नसतो. तो तुमच्याकडे आलेला असतो.

आधीच सांगतो, आमचा स्टेरॉइडवर राग नाही. इसबाला स्टेरॉइड क्रीम हेच मुख्य औषध आहे, आणि 'स्टेरॉइड' शब्द ऐकून घाबरलेले पालक मुलाला महिनोन्महिने खाजवत ठेवतात तेही आम्ही पाहतो. स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक एकत्र असलेल्या क्रीमलाही त्याची जागा आहे. इसब खाजवून खाजवून चिघळलं, त्यातून पाणी येऊ लागलं, वर मधासारखी पिवळी खपली धरली, तर तिथे जिवाणूंचा संसर्ग झालेला असतो. अशा मर्यादित भागावर हे क्रीम आठवडाभर, फार तर दोन आठवडे लावायचं. जागा एवढीच. तीसुद्धा आता आक्रसते आहे : ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेने 2021 मध्ये सांगितलं की चिघळलेल्या इसबातही माणूस एरवी ठीक असेल, ताप वगैरे नसेल, तर अँटिबायोटिक सरसकट देऊ नये, इसबाचेच उपचार नीट करावेत.

पण तुमच्या खणातून जाणाऱ्या ट्यूबा चिघळलेल्या इसबावर थोड्याच जातात. त्या जातात नायट्यावर. आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नायटा किंवा गजकर्ण म्हणजे बुरशी. ती कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन खाऊन जगते. लाली, खाज, उठावदार कडा हे बुरशीचं काम नव्हे. ती आपल्या शरीराने तिच्याविरुद्ध उघडलेली लढाई असते. स्टेरॉइड ही लढाई थांबवतं. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज जाते, लाली उतरते आणि माणूस म्हणतो, "काय औषध आहे!" ट्यूबमधलं जेंटामायसिन किंवा निओमायसिन जिवाणूंवर चालतं, बुरशीवर त्याचा काडीचा उपयोग नाही. बुरशीवरचं औषध काम करत असतं, पण ते आठवडे लावायला लागतं; इथे तर चौथ्या दिवशी खाज थांबली म्हणून ट्यूब बंद होते. मग अर्धी मेलेली बुरशी मोकळ्या रानात पसरते. दहा-बारा दिवसांत खाज परत, या वेळी आधीपेक्षा मोठ्या भागावर. माणसाचा निष्कर्ष काय? "ट्यूब लावली की बरं वाटतं, सोडली की वाढतं. म्हणजे ट्यूबच चांगली." तो पुन्हा तुमच्याकडे येतो.

असं दोन-तीन वेळा झालं की नायट्याचं रूपच पालटतं. स्वच्छ गोल चकंदळ, लाल कडा, मधे बरी झालेली कातडी हे पुस्तकातलं चित्र पुसलं जातं. कडा विरते, चकंदळाच्या आत दुसरं चकंदळ उठतं, कधी बारीक पुटकुळ्या येतात. या वेषांतर केलेल्या नायट्याला 1968 पासून डॉक्टरी भाषेत 'टिनिया इनकॉग्निटो' असं नाव आहे. अनुभवी डॉक्टरही तो पाहून इसब समजतात आणि आणखी तीव्र स्टेरॉइड लिहून देतात. दोष फक्त काउंटरचा नाही, हे आम्ही मान्य करतो. तीन औषधांचं एकच क्रीम लिहिलं की निदान चुकलं तरी काहीतरी लागू पडेल, हा विचार आमच्याही लोकांत आहे.

त्यातच आता बुरशीही बदलली आहे. 2020 मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए' या नावाने ओळखली गेलेली प्रजाती भारतात मोठ्या प्रमाणावर आढळते. नावातच भारत आहे, अभिमान वाटावा असं काही नाही. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे नायट्यावरचं नेहमीचं औषध नीट चालत नाही. 2023 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांमध्ये ती सापडल्याची नोंद केली. पूर्वी चार आठवड्यांत जाणारा नायटा आता महिने घेतो, त्यामागे ही बुरशी आणि ही ट्यूब दोन्ही आहेत.

आता खोक्याकडे बघू. ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरात आणि घटक कोपऱ्यात बारीक इंग्रजीत, ही तक्रार तुमचीही असेल. एक सवय उपयोगी पडेल. नावाचा शेवट '-सोन', '-सोनाइड', '-टासोल' असा असेल तर ते स्टेरॉइड : बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल. शेवट '-नाझोल' किंवा '-माझोल' असेल तर बुरशीवरचं : मिकोनाझोल, लुलिकोनाझोल, क्लोट्रिमाझोल. सगळ्यात घातक जोडी म्हणजे क्लोबेटासोल आणि क्लोट्रिमाझोल. फोनवर, घाईत, दुकानातल्या नव्या पोराला दोन्ही सारखेच ऐकू येतात. एक साधं बुरशीवरचं क्रीम, दुसरं कातडीवर लावायच्या स्टेरॉइडांमधलं सर्वांत तीव्र गटातलं. शक्य असेल तर हे दोन वेगवेगळ्या खणांत ठेवा.

टक्केवारीनेही फसगत होते. क्लोबेटासोल 0.05 टक्के असतं, हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का. गिऱ्हाईक म्हणतं, "कमी पावरची द्या", आणि आकडा बघून हात 0.05 कडे जातो. प्रत्यक्षात हायड्रोकॉर्टिसोन सर्वांत सौम्य गटात आणि क्लोबेटासोल सर्वांत तीव्र गटात. दोन वेगळ्या स्टेरॉइडांची टक्केवारी एकमेकांशी ताडून बघायचीच नसते. ब्रँडच्या नावामागच्या अक्षरांवरही विसंबू नका. 'एन' म्हणजे बहुधा निओमायसिन, 'जीएम' म्हणजे जेंटामायसिन आणि मिकोनाझोल, 'एस' म्हणजे सॅलिसिलिक अ‍ॅसिड. पण 'सी' एका कंपनीचं क्लायोक्विनॉल हे जंतुनाशक असतं तर दुसरीचं क्लोट्रिमाझोल. चिठ्ठीवर शेवटचं अक्षर गिचमिड असेल तर अंदाज न बांधता डॉक्टरांना फोन लावा.

निओमायसिनबद्दल एक गोष्ट काउंटरवर क्वचितच कोणाला ठाऊक असते. या औषधाची कातडीला अ‍ॅलर्जी होणं बऱ्यापैकी नेहमीचं आहे. त्याच ट्यूबमधलं स्टेरॉइड ती अ‍ॅलर्जी अर्धवट दाबून ठेवतं, त्यामुळे ती भडकून दिसत नाही. फक्त इसब बरं होत नाही, खाजत राहतं. मग कोणीतरी "ही नको, दुसरी घ्या" म्हणून जेंटामायसिनवाली देतो. दोन्ही अँटिबायोटिकं एकाच कुळातली, एकाची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी अनेकांना दुसऱ्याचीही होते. ट्यूब बदलली, त्रास तोच.

आता मापाचं. "थोडंसं लावा" या सूचनेला अर्थ नाही. जगभर वापरलं जाणारं माप सोपं आहे : 5 मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ काढायची. या रेघेएवढ्या क्रीमला इथे 'एक पेर' म्हणू. पुरुषाच्या बोटावर ते साधारण 0.5 ग्रॅम भरतं, बाईच्या बोटावर 0.4 च्या आसपास. एवढं क्रीम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं, बोटं जुळवून तळवे सपाट ठेवले तर जेवढी होते तेवढ्या. एका पंज्याला दोन्ही बाजूंनी एक पेर, एका पावलाला दोन, चेहरा आणि मान मिळून अडीच, पंजा सोडून एका हाताला तीन, पाऊल सोडून एका पायाला सहा. लहान मुलाला लावतानाही पेर मोठ्या माणसाचंच मोजायचं, पेरांची संख्या कमी. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाच्या पूर्ण हाताला मिळून एकच.

यावरून तुम्हाला ट्यूबचा हिशोब करता येईल, आणि आमच्या मते काउंटरवर हाच हिशोब सर्वांत कामाचा आहे. दोन्ही पंजांवर इसब, दिवसातून दोनदा : रोज चार पेरं, म्हणजे 2 ग्रॅम, सात दिवसांचे 14 ग्रॅम. पंधरा ग्रॅमची एक ट्यूब, आठवडा, विषय संपला. तळहाताएवढ्या एकाच चट्ट्याला रोज अर्धा ग्रॅम लागतो, तिथे 5 ग्रॅमची ट्यूब दिली तरी पुरते. 30 ग्रॅमची दिली तर 25 ग्रॅम घरात उरतात आणि उरलेली ट्यूब काही दिवसांनी पुतण्याच्या मुरमांवर जाते. उलट कोणी पाऊल सोडून पूर्ण पायाला लावत असेल तर रोज 6 ग्रॅम लागतात, पंधराची ट्यूब अडीच दिवसांत संपते. चौथ्या दिवशी "अजून एक द्या" म्हणणारं गिऱ्हाईक एक तर फार मोठ्या भागावर लावतंय, नाही तर घरातले चौघं मिळून एकच ट्यूब वापरतायत. दोन्ही वेळा ट्यूब देऊ नये, डॉक्टरांकडे पाठवावं. क्लोबेटासोलची कमाल मर्यादा आठवड्याला 50 ग्रॅम आणि सलग दोन आठवडे आहे, पण तेवढं सुरक्षित असा त्याचा अर्थ नाही. रोज 2 ग्रॅम, म्हणजे चार पेरं, इतक्यावरही शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवण्याची यंत्रणा मंदावू शकते.

लावायची पद्धत चिठ्ठीवर कोणी लिहीत नाही, म्हणून तुम्हीच सांगा. हात धुवायचे, जागा साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडी करायची, घासायची नाही. पातळ थर केसांच्या दिशेने हलक्या हाताने पसरायचा. पांढरा थर वर दिसत राहिला तर जास्त झालं. वर पट्टी, प्लास्टिक, घट्ट डायपर नको, कारण झाकलेल्या कातडीतून औषध कितीतरी जास्त आत जातं. मॉइश्चरायझर लावायचं असेल तर मधे किमान 15 ते 30 मिनिटं जाऊ द्यायची. शेवटी हात धुवायचे, हातांवरच लावलं असेल तर सोडून. तीन-चार दिवसांत काही फरक नाही किंवा वाढतंय, तर आठवडा पुरा करण्याची वाट बघायची नाही.

जागेचं महत्त्व एका जुन्या प्रयोगावरून कळतं. फेल्डमन आणि मायबाख यांनी 1967 मध्ये हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून किती शोषलं जातं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागातून एक पट धरलं तर कपाळातून सहा पट, जबड्याच्या कोपऱ्यातून तेरा पट आणि अंडकोषाच्या कातडीतून बेचाळीस पट. आता आठवा, पावसाळ्यात ट्यूब मागणारे सर्वाधिक पुरुष ती कुठे लावणार असतात. जांघेत. तिथे कातडी पातळ, घडीला घडी चिकटलेली, ओल कायमची. महिना-दोन महिने लावल्यावर जांघेत उभे लाल-जांभळे ताण पडतात, गरोदरपणात पोटावर पडतात तसे. ते नंतर पांढरट होतात, जात नाहीत. वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या मांड्यांवर ते सर्रास दिसतात.

चेहऱ्याबद्दल थोडक्यात : वांग, मुरूम, 'उजळ दिसायचंय' यातल्या कशासाठीही ही ट्यूब नाही. आधी तजेला, मग पुटकुळ्या, लाल जाळीदार शिरा, गालांवर लव, आणि सोडली की आगीसारखी जळजळ. डोळ्याभोवती लावत राहिलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका. नागीण, कांजिण्या, ओठावरचा हर्पिस, खरूज, भाजलेली किंवा कापलेली जागा, मधुमेह्याच्या पायाची जखम यांवरही नाही.

कायद्याचं तुम्हाला आम्ही काय सांगणार, पण एक गैरसमज अजून कानावर येतो : "लावायचं औषध आहे, त्याला कुठे चिठ्ठी लागते?" शेड्युल एच म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची यादी; तिच्यात बाहेरून लावायच्या औषधांना पूर्वी सूट होती हे खरं. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने लावायच्या 14 स्टेरॉइडांची ती सूट काढली. त्यामुळे ड्रग्ज रूल्स, 1945 मधला नियम 65 इथेही लागतो : डॉक्टरांची सही-तारखेची चिठ्ठी हवी, डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल तर त्याच चिठ्ठीवर दुसऱ्यांदा द्यायचं नाही, आणि दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचं नाव, पत्ता, तारीख टाकायची. हा शिक्का मारायचा कंटाळा केला की तीच चिठ्ठी वर्षभर फिरते. सप्टेंबर 2018 मध्ये 328 मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात अशी बरीच क्रीम होती. पण बंदी ठरावीक मिश्रणावर असते. एक घटक बदलला की कागदावर ते वेगळं औषध होतं. म्हणून "बाजारात मिळतंय म्हणजे चांगलंच असेल" हे गृहीत धरू नका.

"आम्ही नाही दिली तर शेजारचा देतो" हे तुमचं म्हणणं आम्हाला खोटं वाटत नाही. म्हणूनच नुसता नकार देऊ नका, हातात काहीतरी द्या. आधी विचारा : "काका, कुठं लावायची? किती दिवस झाले? आधी काय लावलंत? घरात अजून कुणाला आहे का?" एवढ्यात अर्धा मिनिट जातो. घरात दोघा-तिघांना खाज असेल तर नायटा किंवा खरूज. खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत असेल तर खरूज धरून डॉक्टरांकडे पाठवा. नवा, छोटा, एखादाच गोल चट्टा असेल आणि आधी काही लावलेलं नसेल, तर स्टेरॉइड नसलेलं साधं बुरशीवरचं क्रीम द्या आणि दोनाचा नियम सांगा : चट्ट्याच्या बाहेर 2 सेंटिमीटरपर्यंत, क्लोट्रिमाझोलसारखं असेल तर दिवसातून 2 वेळा, आणि दिसेनासा झाल्यावरही आणखी 2 आठवडे. खाज पहिल्याच दिवशी थांबणार नाही हे त्याच वेळी सांगून टाका, नाहीतर तिसऱ्या दिवशी तो "हिचा गुण नाही" म्हणत परत येईल. नुसती कोरडी, भेगाळलेली कातडी असेल तर पेट्रोलियम जेली. चट्टे दोनाहून जास्त, जांघेत, चेहऱ्यावर, लहान मुलाला, गरोदर बाईला किंवा मधुमेह्याला असतील तर काहीही न देता डॉक्टर.

क्रीमइतकंच बाकीचंही सांगा. टॉवेल वेगळा, कपडे उन्हात वाळवून शिवणीवर गरम इस्त्री, ओली अंतर्वस्त्रं आणि घट्ट जीन्स काही दिवस बंद. आणि करदोटा. कमरेचा काळा दोरा घामाने आणि पाण्याने सतत ओला असतो, बुरशी त्यात राहते, आणि चट्टे नेमके त्या रेषेत पुन्हा उठतात. काढायला सांगितलं की लोक कचरतात, तेव्हा "बरं होईपर्यंत काढा, मग नवा बांधा" म्हटलं की बहुतेक तयार होतात.

शेवटी जुन्या गिऱ्हाइकाबद्दल. वर्षभर चेहऱ्याला किंवा मोठ्या भागावर लावत असलेल्या माणसाला "आजपासून बंद करा" म्हणून पाठवू नका. एकदम सोडल्यावर कातडी भडकते आणि तो दुसऱ्या दुकानातून तीच ट्यूब आणतो. त्याला जमेल तेवढ्या लवकर त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा. खूप अशक्तपणा, चक्कर, उलट्या असं काही सांगत असेल, किंवा बाळाचा चेहरा गोल सुजल्यासारखा दिसत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना, आणि किती ट्यूबा वापरल्या ते कागदावर लिहून द्या. डॉक्टरांना त्या आकड्याचा फार उपयोग होतो.

चिठ्ठीवर ही ट्यूब देताना खोक्यावर पेनाने लिहायचा किंवा छापून चिकटवायचा मजकूर खाली देतो. कोणालाही न विचारता, आमचं नाव न टाकता वापरावा.

"यात स्टेरॉइड आहे. फक्त ______ या जागी. रोज __ वेळा, __ दिवस. एका वेळी __ पेरं. चेहरा, डोळे, जांघ, नायटा यांवर नको. दुसऱ्या कुणाला देऊ नका. ता. __ नंतर उरलेली ट्यूब टाकून द्या."

जांघ हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. तो वाचून माणूस लाजला तरी चालेल.

आपले,
त्वचारोग आणि औषधशास्त्र क्षेत्रातील काही कार्यकर्ते